अजमानात मशेरी

अजमान हे नाव आपल्यातल्या साठीच्या आसपासच्या मंडळींनी इथे येण्याच्या कितीतरी आधी वाचलेलं असेल. शाळेत असताना ज्यांना तिकिटं जमवायचा नाद होता, त्यांच्या वहीत अजमानची मोठी, रंगीत, चकचकीत तिकिटं हमखास असायची. १९६४ ते १९७२ या काळात या चिमुकल्या अमिरातीने फुलं, पक्षी, ऑलिंपिक, अंतराळवीर अशी इतकी तिकिटं छापली, की जगभरच्या मुलांना अजमान आधी वहीत भेटलं आणि मग नकाशात. डोंगरातल्या मनामा या तिच्या छोट्याशा तुकड्याच्या नावानेही वेगळी तिकिटं निघत. नकाशात मात्र भिंग घेऊन शोधलं तरी अजमान सापडत नसे.

आता सापडतं. शारजा ओलांडून पुढे आलात, की कुठलीही वेस न लागता तुम्ही अजमानात असता. सात अमिरातींमधली ही सगळ्यात लहान. डोंगराकडचे मनामा आणि मसफूत हे सुटे तुकडे धरूनही सगळं मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. दुबईत राहणारे नातेवाईक विचारतात, "अजमानात बघण्यासारखं काय आहे?" मी म्हणते, बघण्यापेक्षा वास घेण्यासारखं पुष्कळ आहे. चौदा वर्षं इथे राहून माझं हे मत पक्कं झालं आहे. आमचे यजमान रोज अजमानहून दुबईला नोकरीला जातात, त्यामुळे त्यांना या गावाचा एकच वास माहीत आहे, पहाटेच्या वाहनकोंडीतल्या पेट्रोलचा. मी मात्र पायी हिंडणारी.

कॉर्निशवर खारा वारा आणि मक्याची कणसं. मासळी बाजाराकडे वळलात, की कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. खाडीकाठी लाकडी गलबतं बांधतात तिथे कापलेल्या लाकडाचा वास. या किनाऱ्यावरच्या गलबतांना सागवान पुरवलं ते मलबारने. गलबतंच काय, पैसाही आपलाच होता. इथे १९६६ पर्यंत रुपया चालायचा आणि १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत होती. जुन्या बाजारात शिरलात, की ऊद आणि बखूर. टपरीवर करक चहातली वेलची. आणि या सगळ्यांच्या मधून, एखाद्या अरुंद दुकानाच्या दारातून, एक झणझणीत, नाकात जाऊन बसणारा वास येतो. तो तंबाखूचा.

त्या दुकानाला पाटी असते, काचेच्या कपाटात लहान बाटल्या असतात आणि बोटभर लांबीच्या लाकडी, हाडाच्या, धातूच्या चिलमी मांडलेल्या असतात. या चिलमीला 'मिदवाख' म्हणतात आणि तिच्यात भरायच्या तंबाखूला 'दोखा'. दोखा या अरबी शब्दाचा अर्थच घेरी. पान उन्हात वाळवतात, अगदी बारीक चुरतात, चाळतात, कधी त्यात सुगंधी पाला किंवा साल मिसळतात. चिलमीचं तोंड इतकं लहान, की एक-दोन झुरक्यांत सगळं संपतं. तेवढ्यात नवख्या माणसाचे पाय लटपटतात. गंमत म्हणजे दुकानदार त्याच्या प्रती सांगतो त्या 'थंड', 'कोमट' आणि 'गरम'. त्यांचा तापमानाशी काही संबंध नाही. किती जोरात डोकं फिरेल, त्याचं ते माप.

हुक्क्याचं तंत्र याच्या अगदी उलटं. हुक्क्यातला तंबाखू काकवीत किंवा मधात भिजवलेला असतो, म्हणून त्याला 'मुअस्सल' म्हणजे मधाळलेला म्हणतात. त्याला थेट पेटवत नाहीत. वर निखारा ठेवून नुसता तापवतात. म्हणजे एकाच गल्लीत एका दुकानात कोरडं पान जाळतात आणि दुसऱ्यात ओलं पान शेकतात. पानाला आच किती द्यायची आणि कशी द्यायची, यावर सगळी चव अवलंबून. हे मला बाजारात नाही, आमच्या इमारतीतच कळलं.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे रत्नागिरीचे, जहाजावर चीफ इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर मुलाजवळ राहायला आले. काकांना पाइपचा शौक. तोही रोजचा नाही. आठवड्यातून एकदा, गॅलरीत बसून, सूर्यास्ताच्या वेळी. पण त्याची तयारी आठवडाभर चालते. त्यांच्याकडे व्हर्जिनिया जातीचा पिवळट तंबाखू येतो. तो तसाच ओढला तर ओल्या गवतासारखा लागतो आणि जिभेला चटका बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते तो घरी तापवतात. काचेच्या बरणीत शंभर-दीडशे ग्रॅम तंबाखू सैलसर भरायचा, झाकण लावायचं पण आवळायचं नाही (आतल्या वाफेने बरणी फुटू नये म्हणून), आणि ओव्हनमध्ये शंभर-एकशे दहा अंशांवर तीन तास ठेवायचा. मग ओव्हन बंद करून बरणी आतच निवू द्यायची, झाकण आवळायचं आणि पुरता एक दिवस तिला हात लावायचा नाही.

"घाई केलीस की वास खोलीत राहतो आणि पानात काही उरत नाही," काका सांगतात.

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली, की लिंबाच्या रंगाचं पान गर्द तपकिरी झालेलं असतं आणि त्याला मनुकांचा, गुळाच्या पाकाचा वास येतो. काकांचा इंजिनिअरी खुलासा असा: पानात साखर असते आणि प्रथिनांचे घटक असतात. आच लागली की दोघांची गाठ पडते आणि रंग-वास बदलतो. भाकरीला डाग पडतात, कांदा तांबूस होतो, तीच ही क्रिया. शिवाय नाकात झोंबणारा अमोनिया उडून जातो. कारखान्यांत हेच काम वाफेवर आणि दाबाखाली करतात आणि त्या काळ्या तंबाखूला कॅव्हेंडिश म्हणतात. सीरियातल्या लताकिया बंदराच्या नावाचा तंबाखू तर धुरावर टांगून धुरकटवतात.

काकूंना या शास्त्राचं कौतुक नाही. त्यांच्या नानकटाईला एकदा लताकियाचा वास आला, तेव्हापासून ओव्हनवर काकांना बंदी आहे. मग काकांनी तोड काढली. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय उकाडा होतो, ते आपल्याला ठाऊकच आहे. बाहेर पंचेचाळीस अंश असले तर आत साठाच्या वर जातं. काका बरणी गाडीत ठेवतात आणि आठ-दहा दिवस विसरून जातात. "अजमानच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग," असं ते म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी माझी आई गडहिंग्लजहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. तिच्या पिशवीत पुरणाचा डाळा, संकेश्वरी मिरच्या, नातवासाठी राजगिऱ्याच्या वड्या, आणि साडीच्या घडीत एक पितळी डबी. त्या डबीत मशेरी.

ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कोकणात बालपण काढलं, त्यांना मशेरी समजावून सांगायला नको. आपल्या इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगते. तंबाखूचं कोरडं पान चुरून लोखंडी तव्यावर टाकायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. पान आधी कुरकुरीत होतं, मग तपकिरी, मग काळं. पेट घेण्याच्या आत तवा उतरवायचा. निवलं की चुरडून पूड करायची. सकाळी बोटाने ती दातांना आणि हिरड्यांना चोळायची. दात घासण्याचं निमित्त. खरं तर मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. पुष्कळ बायकांना त्याशिवाय पोटही साफ होत नाही, असं त्याच सांगतात. आई लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला चहाआधी मशेरी शिकवली. म्हणजे पन्नास वर्षं.

तिसऱ्या आठवड्यात डबी संपली. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी ती नातवावर खेकसली. तिसऱ्या दिवशी काका चहाला आले असताना तिने त्यांना सरळच विचारलं, "भाऊ, तुमच्या ह्या गावात तंबाखूचं पान कुठं मिळतंय?"

काकांचं आणि तिचं तेव्हा जे संभाषण झालं, तसं मी दोन जाणकारांचं संभाषण क्वचित ऐकलं असेल.

"ताई, तुम्ही तवा किती वेळ ठेवता?"

"घड्याळ कशाला लागतंय? वास बदलला की उतरायचं. आधी वला वास येतोय, मग भाजलेल्या खोबऱ्यागत, मग नाकात झोंबतंय. झोंबायच्या आधी उतरायचं."

"माझ्या ओव्हनला नेमकं तेच कळत नाही."

"मग तुम्ही भाजतच न्हाई. तुम्ही नुसतं उकडताय."

काका मोठ्याने हसले. पण त्यात खरी गोष्ट होती. ते पानाला मऊ करत होते, ती करपवत होती. हेतू मात्र एकच, पानाचा उग्रपणा मोडायचा.

काकांनी बाजारातून तिला दोख्याची एक लहान बाटली आणून दिली, 'थंड' प्रतीची. आईने बाटली हुंगली, तळहातावर थोडा चुरा घेतला आणि नापसंतीने मान हलवली. "ह्यो तंबाखू न्हवं, धुरळा हाय." तरी तिने तवा ठेवला. इतका बारीक चुरा तव्यावर पडताच जळायला लागला. खिडकी उघडेपर्यंत धोक्याची घंटा वाजली, शेजारची दारं उघडली आणि इमारतीचा नाटूर धापा टाकत वर आला. त्याने स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, वास घेतला आणि मल्याळीमिश्रित हिंदीत म्हणाला, "अम्मा, मेरी दादी भी ऐसा कुछ करती थी." घंटा बंद करून तो गेला.

आईला त्या तव्याची सवय कुठून लागली, ते सांगायला निपाणीला जावं लागेल. तिचं माहेर निपाणीच्या बाजूचं. तंबाखू या देशात आला तो पोर्तुगीजांबरोबर. दक्षिणेत तो इतक्या लवकर रुजला, की अकबराच्या दरबारातल्या असद बेगने १६०४-०५च्या सुमारास विजापुराहून परतताना तो बादशहाला नजर म्हणून नेला. निपाणीच्या काळ्या रानात विडीचा तंबाखू पिकू लागला आणि गाव त्यावरच मोठं झालं. पान तोडून रानातच उन्हात पसरतात. त्याला पहिली आच सूर्याची. मग ते वखारीत येतं. वखारीत ते कुटणं, चाळणं, पाखडणं हे काम बायकांचं. आई सांगते, वखारीतून सुटलेली बाई रस्त्याने चालली, की पाठमोरीसुद्धा वासाने ओळखू येई. पदराला, केसांना, तान्ह्या पोराच्या दुपट्याला तोच वास. या बायकांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली माहितीपट केला. त्याचं नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'.

त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९८१मध्ये, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी निपाणीला पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. मराठी आणि कानडी दोन्ही. गावोगावहून भाकऱ्या येत होत्या. आईने आणि तिच्या भावजयांनी रोज भाकऱ्या बडवल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मेले. आईच्या लेखी तंबाखू म्हणजे केवळ व्यसन कधीच नव्हतं. ते तिच्या वडिलांचं पीक होतं, मावशीची मजुरी होती आणि गावाने रक्त सांडून मागितलेला भाव होता. "तंबाखू सोड" असं तिला सांगणं म्हणजे माहेर सोड म्हटल्यासारखं, हे मला माहीत होतं. म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते डॉक्टरांनी. मशेरी बंद पडल्यावर तिच्या हिरड्या दुखू लागल्या, म्हणून तिला इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालचा ओठ बाहेर ओढून बघितला आणि बघतच राहिले. आतल्या बाजूला, हिरडीला लागून, नखाएवढा पांढरा चट्टा होता. खरवडून निघत नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, "अम्मा तंबाखू लावतात का? कुठे लावतात?" आईने बोट नेमकं त्या चट्ट्यावर ठेवलं.

तुकडा तपासायला पाठवला. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आमच्या घरात कोणी तंबाखूचं नाव काढलं नाही. काकांनीही त्या आठवड्यात पाइप पेटवला नाही. अहवाल आला: कर्करोग नाही. पण असे चट्टे पुढे त्या वाटेने जाऊ शकतात. तंबाखू बंद करायचा आणि दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं.

"पण डॉक्टर, मी कच्चा तंबाखू खात न्हाई. भाजून लावतोय," आई म्हणाली. तिचं मराठी मी हिंदीत सांगितलं.

डॉक्टरांनी जे उत्तर दिलं ते मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण हा समज आपल्या घराघरांत आहे. आचेने पानाचा तिखटपणा जातो; विष जात नाही. निकोटिन उकळायला सुमारे २४७ अंश लागतात. काकांच्या ओव्हनच्या शंभर अंशांत त्याचं फारसं काही बिघडत नाही. तव्यावर त्यातलं थोडं उडत असेल, पण तिथे दुसरंच काही जन्माला येतं. पान करपताना जी कर्करोगकारक द्रव्यं धुरात तयार होतात, तीच करपलेल्या पुडीतही उतरतात, आणि ती पूड आपण रोज त्याच जागी चोळतो. गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात, हेही त्यांनी सांगितलं. मला माझ्या आणि भावाच्या जन्माचे किस्से आठवले. आम्ही दोघंही 'मूठभर' होतो, असं आजी कौतुकाने सांगायची.

घरी येताना मी विचार करत होते. कच्चं पान झोंबतं, जीभ भाजतं, घेरी आणतं. म्हणजे ते आपल्याला सांगत असतं, की दूर राहा. माणसाने चारशे वर्षं डोकं लढवून ते सांगणं बंद केलं. कुणी तव्यावर, कुणी ओव्हनमध्ये, कुणी मधात. मुअस्सलचा सफरचंदी वास घेतलेल्या कॉलेजच्या मुलाला हे तंबाखूच आहे असं वाटतच नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत मला भीती वाटते ती याच गोडव्याची, आणि मिदवाखच्या सोयीची. ती चिलीम मुठीत मावते, दोन झुरक्यांत संपते आणि कपड्यांना वासही फारसा राहत नाही. कायदा आहे. २००९च्या संघीय कायद्याने अठराच्या आतल्यांना तंबाखू विकायला मनाई आहे, गाडीत बारा वर्षांखालचं मूल असेल तर धूम्रपान करता येत नाही, आणि ऑक्टोबर २०१७पासून तंबाखूवर शंभर टक्के अबकारी कर आहे. तरी शाळकरी मुलाच्या दप्तरात बोटभर लाकडी नळी दिसली, तर ती पेन नव्हे, एवढं आपल्याला ओळखता यायला हवं.

आईचं सुटणं सोपं नव्हतं. पहिला पंधरवडा तिने कुणाशी धड बोलणं केलं नाही. सकाळी उठून ती गॅलरीत बोट दातांवर ठेवून नुसती बसायची. डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटासाठी औषध घेतलं, तोंडात बडीशेप-ओवा ठेवला. हाताला काम हवं म्हणून तिने चकलीची भाजणी काढली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं, त्याच लोखंडी तव्यावर, घड्याळ न बघता. दिवाळीला अजून दोन महिने होते. आमच्या मजल्यावरच्या पाचही घरांना भाजणी गेली. नाटूरलाही चकल्या मिळाल्या.

ती परत गेली तेव्हा पितळी डबी इथेच ठेवून गेली. आता ती दर सहा महिन्यांनी कोल्हापूरला जाऊन तोंड दाखवते. चट्टा फिका झाला आहे, गेलेला नाही. मधे एकदा चुलत जावेच्या बाराव्याला कुणीतरी मशेरी पुढे केली आणि तिने ती घेतली, हे तिने स्वतःच फोनवर सांगितलं. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "चव तीच हुती. पण आता भ्या वाटतंय." काका अजूनही आठवड्याला एक पाइप ओढतात. मात्र गाडीतली बरणी त्यांनी यंदा उन्हाळ्यात ठेवली नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर मंडळी, अजमानला या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. अठराव्या शतकातला जुना किल्ला आधी बघा. १९७० पर्यंत इथले शेख त्यात राहत आणि आता तिथे संग्रहालय आहे. त्याचा वाऱ्याचा मनोरा मुलांना जरूर दाखवा. विजेविना घर थंड ठेवण्याची युक्ती त्यांना आवडेल. मग जुन्या बाजारातून हिंडा. चिलमींच्या दुकानापाशी थांबून मुलांना ती काय वस्तू आहे ते नीट सांगा, नाहीतर दुसरं कुणी सांगेल. संध्याकाळी कॉर्निशवर बसा. आणि ज्यांच्या घरी गावाकडून आई, सासू, मावशी येणार असेल, त्यांनी तिच्या साडीच्या घडीत डबी आहे का ते प्रेमाने विचारा. रागावू नका. नुसतं तिला सांगा, की एकदा तोंड दाखवून येऊ.